टिकलीने चावली चावी

एक उंदरी होती, इवलीशी. नाव तिचं टिकली. दात कसे? सुईसारखे!

टिकली राहायची रेवूच्या घरात, बिळात. खिडकीत होती एक चावी. रेवूच्या बाबांच्या फटफटीची. जुनी, झिजलेली.

बाबा म्हणाले, "कुठंय माझी चावी?"

टिकली म्हणाली, "चावी? म्हणजे चावायचीच असणार!"

आता हिला काय म्हणावं! चावी का कुणी चावतं?

कुटूम कुटूम... कट्ट! चावीचे झाले दोन तुकडे.

बाबांनी डोक्याला हात लावला. "अरे देवा! रेवू तिकडे आजोळी, टेकडीपलीकडे. चपला घालून बसलीय. माझी वाट बघतेय. आता कसा आणू तिला?"

टिकलीला फार वाईट वाटलं. तिने तुकडे उचलले. निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. गेली चावीवाल्या इसाकचाचांकडे.

"चाचा, चाचा, चावी करा.
फटफटी काही चालेना,
रेवू बसलीय चपला घालून!"

"कशी गं मोडली?"

"आपोआप मोडली."

"करतो की! पण माझा चष्मा कावळ्याने पळवला. तो आण."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"कावळ्या, कावळ्या, चष्मा दे.
चाचा चावी करीना,
फटफटी काही चालेना,
रेवू बसलीय चपला घालून!"

"काव काव! कशी गं मोडली?"

"आपोआप मोडली."

"देतो की! पण आधी जनाक्काची भाकर आण."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"जनाक्का, जनाक्का, भाकर दे.
कावळा चष्मा देईना,
चाचा चावी करीना,
फटफटी काही चालेना,
रेवू बसलीय चपला घालून!"

"कशी गं बाई मोडली?"

"आ... आपोआप."

"देते की! पण चूल थंड पडलीय. लिंबाच्या काटक्या आण."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"लिंबा, लिंबा, काटक्या दे.
जनाक्का भाकर देईना,
कावळा चष्मा देईना,
चाचा चावी करीना,
फटफटी काही चालेना,
रेवू बसलीय चपला घालून!"

लिंबाने विचारलंच नाही. तरी टिकली म्हणाली, "आपोआप मोडली हं!"

"देतो की! पण मला कुठे हात आहेत? वाऱ्याला बोलाव."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"वाऱ्या, वाऱ्या, ये रे ये.
लिंब काटक्या देईना,
जनाक्का भाकर देईना,
कावळा चष्मा देईना,
चाचा चावी करीना,
फटफटी काही चालेना,
रेवू बसलीय चपला घालून!"

"कशी गं मोडली?"

"आपोआप मोडली."

"आपोआप? अगं, आपोआप पानसुद्धा हलत नाही. मी हलवतो, तेव्हा हलतं. खरं सांग, मग येतो."

टिकलीने शेपटीत तोंड लपवलं. डोळ्यांत पाणी आलं.

"मी चावली. मीच मोडली. चुकलं रे माझं!"

वारा सुटला, सूं सूं सूं! काटक्या पडल्या, टप टप टप! चूल पेटली, धड धड धड! भाकर फुगली, टम्म! कावळ्याने भाकर खाल्ली, चष्मा दिला. चाचांनी चष्मा घातला, कानस घेतली. खर्र खर्र, खर्र खर्र. झाली नवी चावी! टिकलीने ती गुपचूप खिडकीत ठेवली.

फट फट फट फट! बाबा गेले. रेवूला घेऊन आले.

पण तोवर दिवस मावळला होता. रेवूचे डोळे रडून रडून लाल झाले होते.

"बाबा, मी किती वाट बघितली!"

"चावी मोडली गं बाळा. कशी, कोण जाणे!"

टिकली बिळात होती. गप्प बसली असती, तर कुणाला कळलं असतं? पण तिला राहवेना. ती बाहेर आली. हळू हळू, अगदी हळू.

"रेवू, मी मोडली चावी. माझ्यामुळे तू रडलीस."

रेवूने गाल फुगवले. मग म्हणाली,

"मी दिवसभर बसले. आता तू बस. इथे, माझ्याजवळ."

टिकली बसली. रेवूला झोप लागेपर्यंत बसली.