फांगमेईचं पाऊल

“आता तरी काही जाणवतंय का?”

“नाही हो,” फांगमेई म्हणाली.

जिआनने दुसरी सुई टोचली. घोट्याच्या जरा वर, ग्रंथात सांगितलेल्या नेमक्या जागी.

“आणि आता?”

“नाही…”

चीनमधल्या एका डोंगरावरचा तो लहानसा दवाखाना. उघड्या दारातून सकाळचं धुकं आत आलं होतं आणि जळत्या औषधी पाल्याच्या धुरात मिसळून आढ्याखाली तरंगत होतं.

फांगमेई चहाच्या मळ्यात पानं खुडायची. एके दिवशी तिला फांद्या पुसट दिसू लागल्या. मग पाय बधिर झाले. शहरातले डॉक्टर म्हणाले, नसांवरचं आवरण झिजत चाललंय, मेंदूकडे जाणारे निरोप वाटेतच हरवतात.

जिआन हा वैद्य तांग यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. नाडीवर बोटं ठेवली की रोग सांगायचा. आपण चुकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“जागा बरोबर आहे, सुईची खोलीही बरोबर आहे,” तो गुरूंकडे वळून म्हणाला. “हिची नसच मेलीय, गुरुजी. माझ्या हातात काही नाही.”

फांगमेईने मान खाली घातली.

वैद्य तांग उठले. त्यांनी हळूच सुया काढल्या. मग जमिनीवर बसून तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांत धरलं.

“शहरातलं औषध चालू आहे ना?”

“हो, वैद्यबाबा.”

“ते सोडू नकोस.”

वैद्य पाऊल तसंच धरून बसून राहिले. खिडकीबाहेरचं झाड धुक्यात विरलं… पुन्हा दिसू लागलं…

“मळा कुठे तुझा?”

“ओढ्यापलीकडे. सकाळी अनवाणी जायचे मी. पायांना दव लागायचं.”

“कसं लागायचं?”

तिने डोळे मिटले.

“गार… आधी टाचेला. मग बोटांच्या मधून…” ती थांबली. “वैद्यबाबा, ऊब लागतेय. खूप लांबून आल्यासारखी… की भास होतोय मला?”

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने ते पुसलं नाही.

जिआन चटकन पुढे आला. “कुठला बिंदू दाबलात, गुरुजी?”

“एकही नाही.”

“मग ती चालेल का?”

“माहीत नाही.”

जिआन बघतच राहिला. गुरूंच्या तोंडून हे शब्द त्याने कधी ऐकले नव्हते.

“माहीत नाही, तर मग हे कशासाठी?”

वैद्यांनी त्याला खुणेने खाली बसवलं. तान्हं मूल द्यावं तसं ते पाऊल अलगद त्याच्या ओंजळीत ठेवलं.

जिआन आपल्या गार हातांत ते धरून अवघडून बसला. बराच वेळ गेला…

“किती वेळ धरू, गुरुजी?”

“तुझे हात गरम होईपर्यंत.”