साळूची रास

तांबुळदऱ्याच्या वेशीबाहेर, जिथे गाडीवाट संपते आणि माळ सुरू होतो, तिथे काळ्या दगडांची एक मोठी रास आहे. तिच्यावर छप्पर नाही, झेंडा नाही, शेंदूरही नाही. गावकरी तिला साळूची रास म्हणतात. अलीकडे बालाघाटाच्या या पठारावर आभाळातून पडलेले दगड हुडकायला हौशी माणसं येतात. कुणाच्या काठीला लोहचुंबक बांधलेला असतो, कुणाच्या पिशवीत भिंग आणि कानस असते. ती माळावर खुशाल हिंडतात, त्यांना कुणी अडवत नाही. पण राशीजवळ आली की म्हातारे लिंबाजीअण्णा पुढे होतात आणि चुंबक बाजूच्या बांधावर ठेवायला सांगतात. देवळात जाताना चपला काढाव्यात, तसं. कुणी कारण विचारलंच तर अण्णा खाली बसतात, समोरच्यालाही बसवून घेतात आणि ही हकिकत सांगतात. त्यांनी ती चुलत्याकडून ऐकली, चुलत्याने त्याच्याही आधीच्या कुणाकडून.

फार मागे या गावात सटवाजी नावाचा लोहार होता. हाताला यश असलेला माणूस. फाळ शेवटून, म्हणजे झिजलेलं टोक ठोकून नवं करून, घ्यायला लांबलांबची कुणबी मंडळी त्याच्या दारात बैल सोडून बसायची. त्याची बायको साळू. नवससायास करून दोघं थकली तेव्हा कुठे त्यांच्या पोटी एक मुलगी आली. तिचं नाव ठकू. ठकू भात्याच्या दोरीला लोंबकळायची, राखेत खेळायची. घणाचा घाव पडला की दचकायची, म्हणून सटवाजी प्रत्येक घावाआधी तिला "मीट डोळे" म्हणायचा. गिऱ्हाईक हसायचं, पण तो म्हणायचाच.

ठकू पाच-सहा वर्षांची असताना गावात तापाची साथ आली. वैदू झाला, अंगारा झाला, ताप हटेना. एके दिवशी दिवेलागणीला घरात जीव घुसमटायला लागला म्हणून साळूने तिला अंगणात आणून मांडीवर घेतलं. तेवढ्यात आभाळ उजळलं. भर दुपार व्हावी असा उजेड पडला आणि जळता निखारा फेकावा तसा एक तारा गावावरून माळाकडे गेला. ठकूने डोळे उघडले, बोट वर केलं आणि म्हणाली, "आई, बघ."

सारं गाव वर बघत होतं. साळू लेकीच्या तोंडाकडे बघत होती. मग घाटातून रिकाम्या गाड्यांची रांग दौडत जावी तसा गडगडाट झाला. तो थांबेपर्यंत ठकूचं बोट खाली आलं होतं.

रीतीप्रमाणे लेकराला ओढ्याकाठी पुरलं. सटवाजीने स्वतः माती लोटली. पण तारा तुटला की कुणाचा तरी जीव जातो, असं आपल्याकडे मानतात, आणि साळूच्या मनाने ते धरलं. ती म्हणायला लागली, की ओढ्याकाठी पुरलं ते नुसतं अंग. जीव माळावर पडलाय, उघड्यावर, एकटा. ठकूला अंधाराचं भ्याव वाटायचं. तिला घरी आणायला हवं.

बायाबापड्यांनी समजूत घातली. माहेरची माणसं येऊन राहून गेली. साळूने कुणाशी वाद घातला नाही. सकाळी भाकऱ्या थापायची, नवऱ्याची न्याहारी झाकून ठेवायची आणि माळावर जायची.

आता हा माळ कसा आहे ते तुम्ही पाहताच. नजर पोचेल तिथवर काळा दगड. त्यात आभाळातला एक दगड शोधायचा म्हणजे तिळाच्या राशीत एक जळका तीळ शोधण्यासारखं. साळूला तर सुरुवातीला काहीच कळत नव्हतं. जो वेगळा दिसेल तो ती ओच्यात घालून आणायची आणि सांजेला सटवाजीपुढे मांडायची.

सटवाजीला मात्र पारख होती. त्याच्या बापाकडे एकदा एका गोसाव्याने असा दगड आणला होता आणि बापाने पोराला तो हातात देऊन शिकवलं होतं. खरा दगड आकाराच्या मानाने जड लागतो. वरून काजळीसारखी पातळ काळी साल असते, पण घासलं की आतून रंग फिका निघतो. मऊ कणकेत अंगठा दाबावा तशा खळग्या असतात, पण आत बुडबुड्यांची भोकं कधीच नसतात. खापराच्या कोऱ्या पाठीवर ओढला तर तांबडी रेघ उठत नाही. आणि चुंबक त्याला धरतो. पण चुंबकाचं एकट्याचं खरं मानायचं नाही, कारण या माळाचा काळा दगडसुद्धा चुंबकाला थोडा ओढ देतो आणि माणसाला फसवतो.

रोज संध्याकाळी सटवाजी एकेक दगड उचलायचा, तळहातावर तोलायचा, चुंबक लावायचा, कानशीने कोपरा घासायचा. मग म्हणायचा, "हा न्हवं." साळू तो दगड बाजूला ठेवायची आणि पुढचा द्यायची. सगळे संपले की ओच्यात भरून वेशीबाहेर नेऊन टाकायची, पुन्हा तेच उचलायला नकोत म्हणून. तिथे ही रास वाढत गेली.

एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणखी काही गेले. साळूच्या तळव्यांना भेगा पडल्या, अंगावरचं मांस झडलं. सटवाजीने तिला कधी अडवलं नाही आणि तो स्वतः कधी माळावर गेलाही नाही. लेकीला शोधायला जायचं म्हणजे ती तिथे आहे असं मानायचं, आणि तेवढं बळ त्याच्यापाशी नव्हतं. त्याच्या वाट्याला फक्त नाही म्हणणं आलं होतं. रोज सांज झाली, की त्याला आपल्याच उंबऱ्याची भीती वाटायची, असं सांगतात.

मग एकदा साळूने एक दगड आणला. तिचा चेहराच वेगळा होता. दगड जड होता, साल काळीभोर होती, चुंबकाने तो पकडलाही. सटवाजीच्या काळजात आशा लकाकली. त्याने कानस लावली. आतून काळा निघाला. साळू म्हणाली, "अजून थोडं घासा. वरवरचं आसंल." त्याने आणखी घासलं. आत काळाच. "अजून थोडं." सटवाजी घासत राहिला, ती बघत राहिली, आणि शेवटी त्याच्या हातात सुपारीएवढा तुकडा उरला. तोही काळाच. साळूने खालची भुकटी पदरात गोळा केली आणि ती वेशीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती माळावर गेल्यावर सटवाजीने गिऱ्हाइकाला परत पाठवलं आणि दार लावून भट्टी पेटवली. भट्टीच्या तळाशी लोखंडाचा जळका मळ साचतो, त्याला कीट म्हणतात. त्याने तो घेतला, त्यात फाळांचे तुकडे घातले, तापवून, ठोकून त्याचा गोळा केला. लाल असतानाच हातोडीच्या टोकाने त्यावर अंगठा दाबल्यासारख्या खळग्या उठवल्या. एरंडेल आणि काजळी चोळून वरून साल आणली. गोळा जड झाला, चुंबक त्याला सोडेना. फक्त कीटाची बारीक भोकं काही केल्या बुजेनात. जी बुजली नाहीत ती त्याने चिखलाने भरली.

साळूची वाट त्याला माहीत होती. पहाटे उठून तो पहिल्यांदा माळावर गेला आणि एका टाकळ्याच्या झुडपाशी गोळा अर्धा मातीत दाबून आला. मग तिच्या मागोमाग, लांबून, बाभळींच्या आडोशाने तो पुन्हा गेला. त्याला तिचा चेहरा बघायचा होता.

साळूने गोळा पाहिला. वाकून उचलला, तळहातावर तोलला, उलटा केला, सुलटा केला. नखाने कुठेतरी खरवडलं. मग ती तिथेच खाली बसली आणि बराच वेळ बसून राहिली. सटवाजीला वाटलं, आनंदाने पाय गळाले. शेवटी ती उठली. थंडीत तान्ह्या लेकराला गुंडाळावं तसा तिने तो गोळा पदरात गुंडाळला आणि घराची वाट धरली.

तो आडवाटेने आधीच घरी येऊन भात्यापाशी बसला होता. साळू दारात उभी राहिली. म्हणाली, "घावली."

"बघू?" त्याने विचारलं. त्याने हात पुढे केला.

"नगं. आता घासायचं न्हाई तिला."

दोघांनी गोळा वेशीबाहेर नेला, राशीच्या मधोमध जागा केली, हळदकुंकू वाहिलं. त्या दिवसापासून साळू माळावर गेली नाही. ती नीट जेवायला लागली, शेजारणींत बसायला लागली, कुणाच्या बारशाला बोलावलं तर जायची. सटवाजीच्या भात्याला पुन्हा जोर आला. गावाला बरं वाटलं. फक्त त्यालाच ठाऊक होतं, की लेकीच्या जागी त्याने भट्टीतला मळ ठेवलाय आणि तिची आई रोज त्याला हात जोडते.

अशी बरीच वर्षं गेली. दोघांचे केस पिकले. मग साळूने अंथरूण धरलं. ती जायला निघाली हे सटवाजीला कळलं, तसा तो तिच्या उशाशी बसला. तिला फसवलेलंच जाऊ द्यायची त्याची हिंमत होईना. तो म्हणाला, "साळू, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय."

"सांगू नका," ती म्हणाली. "त्याला भोकं व्हती."

सटवाजी पुढे वाकला.

"उचलला तवाच कळलं. इतकी वर्सं दगडच तर उचलले हुते मी. आन् बाभळीमागं तुमी हुता."

"मग घेतला कशापायी?"

साळू म्हणाली, "रोज मला न्हाई म्हणून म्हणून तुमी निम्मे झाला हुता. एक गेली हुती. तुमालाबी घालवू व्हय?"

त्याला पुढचं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "आन् ठकू?"

"ती हाय की," साळू म्हणाली. "माळावरच हाय."

एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

सटवाजीचा भाता त्यानंतर बंद पडला. तो माळावर जायला लागला. जी वाट त्याने त्या एका दिवसाखेरीज कधी धरली नव्हती ती आता रोजची झाली, असं सांगतात. सकाळी निघायचा, ओचा नव्हता म्हणून धोतराच्या सोग्यात दगड आणायचा, स्वतःच तोलायचा, स्वतःच घासायचा आणि रिकाम्या घरात स्वतःलाच सांगायचा, हा न्हवं. म्हातारपणी डोळे गेले, तरी हाताने चाचपून शोधायचा. आभाळातला दगड त्याला घावला नाही.

पुढे एकदा तो राशीपाशी बसलेला असताना गावातली कोंडाबाई आली. तिचं बाळ महिन्याचं होऊन दगावलं होतं. त्या वेळी काही तारा तुटला नव्हता, आभाळात काहीच झालं नव्हतं. तिने वाटेतला एक दगड उचलला होता. तो तिने सटवाजीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मामा, ह्यो बघून सांगा."

सटवाजीच्या बोटांना लागलीच कळलं. माळावरचा साधा दगड होता, भोकाभोकांचा, हलका. चुंबक त्याच्या कमरेला होता, त्याने तो काढला नाही. दगड दोन्ही तळहातांवर घेऊन तो कितीतरी वेळ बसला. मग म्हणाला, "जड हाय, बाई. लई जड हाय."

कोंडाबाई मटकन खाली बसली आणि रडली. बाळ गेल्यापासून ती रडली नव्हती म्हणे. तिचं रडून झाल्यावर सटवाजीने तिला कीटाच्या गोळ्याची खरी गोष्ट सांगितली, तिने ती गावाला सांगितली. काहींचं म्हणणं पडलं की गोळा काढून टाकावा. कोंडाबाई म्हणाली, आधी माझा दगड काढा. मग कुणी हात लावला नाही. सटवाजी त्याच उन्हाळ्यात माळावर पडलेला मिळाला. त्याची मूठ उघडून पाहिली तेव्हा आत एक काळा दगड होता. तो कसला होता हे कुणी घासून पाहिलं नाही. तसाच राशीत ठेवला.

आजही ज्या घरात लेकरू जातं, त्या घरातली आई किंवा बाप वाटेतला एखादा दगड उचलून इथे येतो. गावातलं एखादं जाणतं माणूस तो दोन्ही हातांत घेतं, थोडा वेळ थांबतं आणि "जड हाय" एवढंच म्हणतं. दुसरं काही विचारायचं नाही, अशी रीत आहे.

आणि तांबुळदऱ्यात फिरलात तर एक दिसेल. भोवती एवढा दगड असून गावातली घरं मातीची नाहीतर विटांची आहेत. जोत्याचा दगड नदीपलीकडून गाडीने आणतात, खर्च जास्त येतो तरी आणतात. माळावरचा दगड आजही कुणी पायाखाली घालत नाही, त्यावर पहार मारत नाही, शेळी राखणारी पोरंसुद्धा तो भिरकावत नाहीत. त्यातला एक ठकूचा आहे, असं सांगतात. कुठला, ते अजून कुणाला कळलेलं नाही.