येसाजीच्या टेकडीची शिराझ

डोंगराच्या कुशीतल्या एका गावी येसाजी नावाचा द्राक्षबागाईतदार राहायचा. सगळ्यांच्या बागा खाली नदीकाठच्या काळ्या जमिनीत, याची मात्र वर टेकडीच्या उतारावर. तिथं मुरूम, दगड आणि दिवसभर वारा. त्या एवढ्याशा उतारावर त्यानं शिराझ जातीची काळी द्राक्षं लावली होती. मणी बारीक, साल जाड, आणि रंग असा की तोडणीत जांभळी झालेली बोटं आठवडाभर तशीच राहायची.

"त्या खडकावर काय पिकणार?" असं गाव म्हणायचं. ते खोटं ठरवायला एका वर्षी येसाजीनं पहिल्यांदाच वाइन केली. बारा पिंपं भरून तळघरात ठेवली, आणि तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर राहिना.

सकाळी उठला की तळघर. अर्धी भाकरी ताटात टाकून पुन्हा तळघर. पिंपाचं बूच काढायचं, काचेच्या नळीनं घोटभर वाइन ओढायची, चाखायची आणि तोंड वाकडं करायचं. काळ्या मिऱ्यांचा तिखट वास यायचा, जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली जायची. नदीकाठच्या लोकांची वाइन एव्हाना मऊ, गोडसर झाली होती.

"अहो, रोज उघडून बघितल्यानं ती लवकर मुरणार आहे का?" त्याची बायको गिरजा म्हणायची.

"आठ दिवसांवर पारखीबाई आल्यात," येसाजी म्हणायचा. "ही चाखली तर थुंकून टाकतील."

राजधानीहून दरवर्षी एक वयस्कर बाई वाइन पारखायला यायची. ती निवडेल तीच वाइन राजाच्या मेजवानीला जायची, बागेच्या नावासकट.

शेवटी येसाजीला राहवलं नाही. त्यानं नदीकाठची वाइन आणली आणि एकेका पिंपात मिसळत सुटला. बाराव्या पिंपावर गिरजानं हात ठेवला.

"हे एक राहू द्या. त्या दगडांत आपण राबलो, त्याची चव कुठंतरी असू द्या."

वाद घालायलाही त्याला सवड नव्हती. ते पिंप राहिलं.

मिसळलेली वाइन खरंच मऊ झाली. तरी येसाजीला चैन पडेना. तो पुन्हा पुन्हा चाखायचा, काहीतरी शोधल्यासारखा, आणि ते सापडायचं नाही.

पारखीबाई आल्या. त्यांनी घोट घेतला. "चांगली आहे. सकाळपासून अशीच चार ठिकाणी चाखली. कुठली ही?"

"माझ्या टेकडीची."

बाईंनी दारातून वरच्या उताराकडे पाहिलं. "फक्त त्या उताराची?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण येसाजीची मान हलेना.

"नाही," तो म्हणाला. "खालची मिसळलीय. मला धीर निघाला नाही."

गिरजानं बाराव्या पिंपातली वाइन पुढं केली. बाईंनी ती बराच वेळ तोंडात धरली. कपाळाला आठी पडली, पण पेला काही खाली ठेवला नाही.

"कच्ची आहे, पण हिच्यात तो उतार आहे. शंभरांत ओळखीन मी. दोन वर्षं हात लावू नका. अशी किती पिंपं आहेत?"

"एकच."

"एका पिंपात मेजवानी होत नाही," म्हणत बाई उठल्या.

अकरा पिंपं नदीकाठच्या वाइनीबरोबर बाजारात विकली गेली. कुणी बागेचं नाव विचारलं नाही.

येसाजीनं पुढच्या दोन्ही वर्षी फक्त टेकडीची वाइन भरली, बुचांवर लाख ओतली आणि तळघराची किल्ली गिरजाच्या कमरेला अडकवली. पहिले काही महिने तो दारापर्यंत जाऊन परत यायचा. मग दारापर्यंत जाणंही कमी झालं.

दोन वर्षांनी पारखीबाई पुन्हा त्याच्या तळघरात आल्या. त्या एका पिंपातली वाइन आता गर्द झाली होती. मिरी तशीच होती, जीभ मात्र ओढली जात नव्हती. बाईंनी पेला संपवला आणि दुसरा मागितला.

मग त्यांची नजर मागं लाखबंद पिंपांच्या रांगेकडे गेली. "ही पण त्याच उताराची? बघू एक घोट."

येसाजी हात जोडून म्हणाला, "आज नको, बाई. पुढच्या वर्षी या."

तात्पर्य: ज्याच्यात स्वतःचं असं काही असतं त्याला तयार व्हायला वेळ लागतो, तो वेळ वाचवायला गेलं की नेमकं तेच हातचं जातं.