शेंदरात बुजलेली घंटा

एका राज्यात एक तळं होतं आणि तळ्याच्या तळाशी एका मांत्रिकाचं शापित सोनं होतं. सोन्याला हात लागला की पाणी काळवंडेल आणि ते पिणारा दगड होईल, असा शाप. म्हणून पूर्वजांनी काठावर मठ बांधला, मठात घंटा टांगली. महंताचं काम एकच: पाणी काळवंडलं की घंटा वाजवायची. त्यासाठीच लोक त्याला पहिल्या पिकाचा दाणा देत, त्याच्या पाया पडत.

विश्वंभरगिरी महंताच्या काळात राजाने देवळाच्या कळसासाठी ते सोनं गुपचूप काढलं.

पहिल्या दिवशी एक टिटवी मठाच्या कट्ट्यावर उतरली. म्हणाली, "महंता, पाणी काळवंडलं. घंटा वाजव."

"कळस चढू दे. मग बघू."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "धनगराची मेंढरं काठावर दगड झाली. वाजव."

महंत राजाकडे गेला. राजा हसला. "महाराज, यात्रा तोंडावर आली. लोकांना भिववणं साधूचं काम नव्हे. त्यांना धीर द्या."

महंताला ते पटलं नाही. सोयीचं मात्र वाटलं.

तिसऱ्या दिवशी मठात फुलं आणणारी सगुणाक्का भरला तांब्या घेऊन आली. "महाराज, तळ्याचं पाणी काळसर दिसतंय. पिऊ ना?"

टिटवी ओरडू लागली.

"ह्या मेलीला काय झालंय सकाळपासून!" म्हातारी म्हणाली.

खरं महंताच्या ओठांवर आलं होतं. बाहेर राजाचे शिपाई कळसाचे दोर आवळत होते.

"देवाचं तळं आहे, आक्का. प्या."

ती प्यायली. तांब्या हातात तसाच, नजर त्याच्यावर तशीच, आणि ती दगड झाली.

महंत घंटेकडे धावला. दोर ओढला, नाद नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर फासून घंटेची पूजा झाली होती, लोलक त्यातच रुतला होता. वाजवून कुणी पाहिलीच नव्हती.

टिटवी म्हणाली, "शाप तीन गोष्टींनी सुटेल. घंटा वाजव. आपला गुन्हा सांग. सोनं बुडव."

त्याने नखांनी शेंदूर खरवडला. बोटं फुटली तेव्हा घंटा वाजली. यात्रेकरू धावत आले.

"तीन दिवस मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी गप्प बसलो. या माउलीला मीच प्या म्हटलं."

"मग दाणे कशाला खाल्लेस आमचे?" धनगराने विचारलं.

महंताने फुटल्या बोटाने कळसाकडे दाखवलं, "तळ्याचं सोनं तिथं आहे." लोकांनीच कळस उतरवला. राजा ओरडत राहिला, पण शिपायांनीही दोराला हात लावला. सोनं बुडालं, पाणी निवळलं. मेंढरं लोकर झटकत उठली.

सगुणाक्का उठली नाही.

"मेंढरं शापाने दगड झाली," टिटवी म्हणाली. "ही तुझ्या शब्दाने."

त्या घंटेला आता कुणी शेंदूर लावत नाही. नवा महंत गादीवर बसण्याआधी त्या म्हातारीसमोर उभा राहतो, तिच्या तांब्याकडे बघतो आणि सगळ्या गावादेखत तिला उत्तर देतो, "पिऊ नका, आक्का."