वारुळातली भिंत

माणसं अजून वारुळाची पूजा करायला लागली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका वारुळात येणारी मुंगी जाणारीला भेटली की मिशांना मिशा लावायची, दोन शब्द बोलायची, मग पुढे जायची. म्हाताऱ्या मुंगळेआजोबांना हा वेळेचा खेळखंडोबा वाटला. म्हाताऱ्यांना दुसऱ्या कुणाला विचारायची सवय नसतेच. त्यांनी वाटेत मधोमध भिंत घातली. जायची वाट वेगळी, यायची वेगळी.

"आजोबा, आता भेटायचं कुठे?" ठमी मुंगीने विचारलं.

"भेटायला काय लग्न आहे का? दाणे आण!"

दाणे खरंच जास्त आले. आजोबा खूश. पण मुंग्या मुक्या झाल्या आणि एकेक करून शेजारच्या वारुळात राहायला गेल्या. शेवटी ठमीही निघाली.

"अगं, तिथली वाट किती अरुंद! धक्के खाशील!"

"खाईन की. धक्का लागला की तिथे कुणीतरी विचारतं, जेवलीस का?"

ठमी गेल्यावर आजोबांनी स्वतःच भिंत फोडली. कोठारं दाण्यांनी भरलेली होती. मोकळ्या वाटेवर मिशा पुढे करून ते कितीतरी वेळ उभे राहिले. समोरून येणारं कुणी उरलंच नव्हतं.