तीन गडू ताक आणि एक डबा पेट्रोल

"एका डब्यात! देवीच्या डोंगरावर जायचं नि परत यायचं, तेही पेट्रोलच्या एका डब्यात! नाहीतर हा तुळाजी तुरुंगात!" करंजगडचे बजाजीराजे गरजले.

झालं होतं असं, की शेजारचे राजे आदल्या दिवशी जेवता जेवता बोलून गेले, "आमची मोटार तुमच्या मोटारीसारखीच. पण एका डब्यात देवी करून येते हो!" बजाजीराजांच्या मोटारीला लागायचे तीन डबे. शेजाऱ्यापेक्षा आपली मोटार खादाड? राजे ताटावरून उठलेच! मग काय, सगळा राग मोटार हाकणाऱ्या तुळाजीवर.

"वरचे दोन डबे तूच विकतोस!"

"देवीची शपथ, सरकार! थेंबसुद्धा विकला नाही!"

पण ऐकतो कोण! राजे एकदा हटून बसले, की ब्रह्मदेव आला तरी हलायचे नाहीत.

तेवढ्यात तुळाजीची बायको म्हाळसा त्याची भाकरी घेऊन आली. राजांचं गरजणं ऐकून नि नवऱ्याचं पांढरंफटक तोंड बघून तिनं भाकरी खाली ठेवली. बाई कसली खमकी! पदर खोचून पुढं झाली.

"सरकार, उद्या मोटार एका डब्यात जाऊन येईल. पण आज सरकारांनी घटकाभर मोटार व्हावं!"

दिवाणजींनी कानांवर हात ठेवले. राजे मात्र इरेला पेटले.

"होतो! मोटारीला हार जाणारा मी नव्हे!"

म्हाळसानं राजांना गडूभर ताक पाजलं आणि राजवाड्याला एक फेरी मारायला लावली. राजे रमतगमत फिरून आले. "हात्तिच्या! एवढंच?"

"आता दुसरी फेरी. सरकारांच्या रिवाजानं!"

देवीच्या वाटेवर मोटार नऊ गावांच्या वेशींवर थांबायची, म्हणून तिनं फेरीच्या वाटेवर नऊ शिपाई उभे केले. वीस पावलं झाली, की एक शिपाई ओरडायचा, "थांबा सरकार, मुजरा!" राजे थांबायचे. शिपाई मुजरा करायचा, राजांच्या हातात नजराण्याचे दोन नारळ ठेवायचा आणि म्हाळसा ओरडायची, "आता पळा!" पुन्हा वीस पावलं, पुन्हा मुजरा, पुन्हा नारळ! हात भरले, मग शेल्याची झोळी झाली. वर भालदार नि चोपदार दोन्ही खांद्यांना लोंबकळलेले, कारण मोटारीच्या पायरीवरही ते असेच लोंबकळत यायचे! राजांची पगडी नाकावर आली. परत आले ते धापा टाकतच.

"ताक! ताक आणा!"

एक गडू संपला. दुसरा संपला. तिसराही!

म्हाळसानं कमरेवर हात ठेवले. "फेरी तेवढीच, सरकार. मग वरचं दोन गडू ताक कुणी विकलं?"

राजे मिशीवरचं ताक पुसत म्हणाले, "म्हणजे नऊ गावांचे मुजरे बंद करू? रयत रुसेल!"

"बंद कशाला? चढताना थांबायचं नाही, उतरताना घ्यायचे. उताराला नारळच मोटार ढकलतील!"

"बघू उद्या! डबा पुरला नाही तर तुरुंग कायम!"

दुसऱ्या दिवशी भालदार-चोपदार घरी राहिले. तुळाजीनं चाकांत नीट हवा भरली, डबाभर पेट्रोल ओतलं आणि मोटार एका संथ चालीनं घाट चढली. वेशीवेशीवर लोक ताटं घेऊन धावले, तर राजेच बाहेर वाकून हात हलवत ओरडत होते, "येताना! येताना!" दर्शन झालं. उताराला तुळाजीनं इंजिन बंदच करून टाकलं. नऊ वेशींवर नऊ मुजरे आणि नारळांचा हा ढीग!

मोटार राजवाड्यात शिरली तेव्हा राजे गळ्यापर्यंत नारळांत बुडाले होते. तुळाजीनं टाकीत काठी घातली. काठी बाहेर आली ती टोकाला ओली!

"उरलं! सरकार, उरलं!" तुळाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

राजे असे हसले, असे हसले, की नारळ घरंगळून अंगणभर झाले. "म्हाळसा, तुला एक दुभती म्हैस बक्षीस! घरचं ताक पी!"

"सरकारांची कृपा! पण म्हैस चालवत नेऊ, का मोटारीतनं?"

"चालवत ने गं बाई!" राजे पोट धरून ओरडले. "मोटारीत घातलीस तर पुन्हा तीन डबे लागतील!"