सावलीतले फडे

फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. गावांच्या सीमा दगडांनी नव्हे, झाडांनी ठरत असत, तेव्हाची. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनीही, ऐकत नसल्याचे सोंग न करता, नीट ऐकावी.

एका उंच, कोरड्या माळावर एक गाव होते. त्याला तट नव्हता, खंदक नव्हता. गावाभोवती आणि शेतांभोवती उभे होते ते केवळ निवडुंगाचे कुंपण. त्या निवडुंगाचा एकेक चपटा भाग नागाने उभारलेल्या फण्यासारखा दिसे, म्हणून गाव त्याला फडा म्हणे. परगावचे पाहुणे मात्र त्या फड्यांना पाने म्हणत. ती पाने नव्हेत; ते त्या झाडाचे खोड. त्याची पाने केव्हाच काटे होऊन बसली आहेत, कारण पानांवाटे पाणी उडून जाते, आणि त्या माळावर पाणी उधळणे कोणालाही परवडण्यासारखे नव्हते. म्हणून खोडच हिरवे होऊन पानांचे काम करी. पावसाचे पाणी ते पोटात साठवी, दिवसाच्या उन्हात आपली बारीक रंध्रे घट्ट मिटून घेई, आणि गारवा पडला की मगच श्वास सोडी.

गावाचे अर्धे जगणे या कुंपणावर चाले. दुष्काळात काटे जाळून फडे शेळ्यांना चारत. कोवळ्या फड्यांची भाजी होई. गढूळ पाण्याच्या घागरीत सोललेल्या फड्याचा तुकडा फिरवला की त्याच्या बुळबुळीत रसाबरोबर गाळ खाली बसे. गुडघे धरले, की म्हातारी माणसे भाजलेला फडा फडक्यात गुंडाळून त्यांवर बांधत. आणि लालचुटूक बोंडे पिकली, की पोरांचे ओठ रंगत. बोंडांवरची कुसे राखेत घोळून काढली नाहीत, तर ते ओठ सुजतही.

या कुंपणाची सारी काळजी गिरजाआत्या घेई. तिला मूलबाळ नव्हते. नवरा सोनबा शेळ्या राखी आणि ती निवडुंग राखी. लाकडी चिमट्याने फडा धरून, एका घावात, नेमका सांध्यावर कापावा तो तिनेच. कुंपण लावताना कोणी घाई केली, तर ती त्याच्यावर अशी ओरडे, की शेजारच्या शेतातला माणूसही हातातले काम थांबवी.

एका वर्षी माळाखालच्या नदीला मोठा पूर आला. काठावरची माणसे जीव घेऊन वर आली. गावाने त्यांना अन्न दिले, निवारा दिला. पाणी ओसरले, तशी माणसे परतली. मागे राहिली ती रेवा नावाची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिची आई पुरात गेली होती, आणि बाप तिला कधी आठवतच नव्हता.

पाटलांनी गाव जमवले. ते म्हणाले, "हिचा मामा दूर मुलखात असतो म्हणे. निरोप धाडला आहे. सुगी उरकली की तो येईल. त्या वेळी मुलगी म्हणेल तसं होईल. तोवर हिला कोण सांभाळतं?"

पाटलांचे बोलणे पुरे होण्याआधीच गिरजाआत्या उठून उभी राहिली होती.

तिने रेवाला घरी आणले ते जवळजवळ उचलूनच. त्याच दिवशी तिला ऊन पाण्याने न्हाऊ घातले, नवा परकर नेसवला, केसांना तेल लावले. रेवाच्या अंगावरचा जुना परकर चिखलाने कडक झाला होता. त्याच्या घेरावर निळ्या कापडाचे एक ठिगळ होते, मोठ्या प्रेमाने आणि फार वाकड्या टाक्यांनी लावलेले. गिरजाआत्याने तो परकर पेटीच्या तळाशी दडवला. आठवण नको आणि रडणे नको, असे तिने स्वतःशी ठरवून टाकले. शेजारणींना तिने दटावले, "हिच्यासमोर नदीचं नाव काढायचं नाही. मी सांगून ठेवते."

मग तिची माया सुरू झाली. सकाळी शिरा, दुपारी दूधभात, संध्याकाळी गुळपोळी. रेवा ओसरीवर बसली की आत्या तिच्या शेजारी. रेवा अंगणात गेली की आत्या तिच्या मागे. "बोल ना गं माझ्याशी. आई म्हण मला. एकदा तरी म्हण." रेवा मान खाली घाली. ताटात वाढलेले ती मुकाट्याने चिवडी, पण कधी काही मागत नसे, कधी काही नको म्हणत नसे. दिवसेंदिवस ती वाळत चालली.

एकदा सोनबा म्हणाला, "अगं, पोरीला जरा एकटी बसू दे. तुझी सावलीसुद्धा तिला ओझं होत असेल."

"तुम्ही शेळ्या बघा," गिरजाआत्या फणकारली. "सुगी तोंडावर आली. तोवर ती इथली झाली नाही, तर मामाचं बोट धरून जाईल. मग राहा या घरात दोघंच, एकमेकांची तोंडं बघत!"

सोनबा काठी उचलून शेळ्यांकडे निघाला. त्यालाही ते घर दोघांसाठी फार मोठे वाटत असे.

अशातच रानडुकरांचा एक कळप कुंपण उधळून आत शिरला. भिवा नावाच्या शेजाऱ्याच्या शेताला लागून मोठे खिंडार पडले. बाजरी कणसात आली होती, म्हणून कुंपण लागलीच सांधणे भाग होते. गिरजाआत्याने चिमटा आणि कोयता घेतला, जाड, निरोगी फडे निवडून कापले, आणि घरी आणून ओसरीच्या सावलीत पसरले. खिंडारावर तिने सोनबाकडून बाभळीच्या फांद्या तात्पुरत्या टाकून घेतल्या.

भिवा कमरेवर हात ठेवून ओसरीसमोर उभा राहिला. "आत्या, फडे झोपवलेत काय? पांघरूण घालू का त्यांना?"

"चेष्टा नको. सुकू देत त्यांना."

"आणि डुकरांना काय सांगू? आमच्या आत्याचे फडे जागे झाले की या म्हणून?"

"डुकरांना तू सांगितलेलं कळेल बरं," सोनबा आतून म्हणाला. "आपल्यातल्याचं ऐकतात ती."

भिवा हसला, पण त्याला धीर नव्हता. त्याने स्वतःच फडे तोडले, आपल्या बाजूचे अर्धे खिंडार त्याच दिवशी लावून टाकले, आणि वर भरपूर पाणीही घातले. त्याचे फडे ओळीने ताठ उभे राहिले. येणारे-जाणारे वाहवा करू लागले. भिवाही मिशीवर हात फिरवू लागला.

काही काळाने गिरजाआत्याचे फडे लावण्याजोगे झाले. ती ते घेऊन शेतावर निघाली, आणि रेवाला घरी एकटे कसे ठेवावे, म्हणून तिलाही बरोबर घेतले. आत्या खड्डे करत होती. रेवा भिवाच्या ओळीपाशी उभी राहून ते हिरवेगार फडे पाहत होती. तिने एका काडीने पहिल्या फड्याला हळूच ढकलले. तो कलंडला. तिने दुसऱ्याला ढकलले, तोही पडला. मातीतून उपटून आला तो भाग काळा, पाणचट आणि घाण वासाचा होता.

"आत्या," रेवा म्हणाली, "हे आतून कुजलेत. बाहेरून कळतच नाही."

आपल्या घरी आल्यापासून ती आपणहून बोललेली ही पहिलीच वाक्ये आहेत, हे आत्याच्या ध्यानात आले. पण या वेळी ती धावली नाही. हातातली पहार न सोडता ती म्हणाली, "कुजणारच. ओले लावले ना त्याने."

"मग तुमचे का नाही कुजणार?"

गिरजाआत्याने एक फडा चिमट्याने उचलून तिच्यासमोर धरला. कापाच्या जागी फिक्या रंगाची कोरडी, चिवट साल धरली होती.

"हे बघ. फडा झाडावरून तोडला की त्याला जखम होते. ती ओली असते. ओली जखम मातीत पुरली, वर पाणी घातलं, की ती आतल्या आत सडते. माणसाला वाटतं आपण लाडच करतोय. म्हणून ती उघडी ठेवायची, सावलीत, वारा लागेल अशी. तिची तिला खपली धरू द्यायची. मग मातीवर नुसता टेकवला, तरी फडा आपणहून मूळ काढतो. ओढून काढता येत नाही ते."

"पण तोवर तो जगतो कशावर? त्याला तर कोणी पाणी देत नाही."

"त्याच्या पोटात पाणी असतं ना. ज्या झाडावरून तो आला, त्या झाडानं भरून दिलेलं. त्यावरच तगतो तो. तेवढं पाणी त्याच्याकडून कोणी काढून—"

गिरजाआत्याचे वाक्य तिथेच तुटले.

साऱ्या गावाला जे ती ओरडून शिकवत आली होती, ते तिने आपल्याच घरात पाळले नव्हते. तिने एक ओली जखम मातीत दाबली होती आणि वर शिरा, दूधभात आणि गुळपोळी ओतली होती. आणि त्या मुलीच्या आईने भरून दिलेले जे काही होते, ते पेटीच्या तळाशी कोंडून ठेवले होते.

तिने उरलेले फडे लावले. रेवा चिमट्याने एकेक फडा तिच्या हाताशी देत गेली.

घरी येताच आत्याने पेटी उघडली. तो जुना परकर काढून तिने ओसरीवर, रेवाच्या जवळ ठेवला, आणि ती स्वतः चुलीकडे निघून गेली. रेवाने निळे ठिगळ बोटांनी चाचपले. मग तो परकर तोंडाशी धरून ती रडू लागली. पुरानंतर ती पहिल्यांदाच रडत होती, आणि तिचे रडणे लवकर थांबणारे नव्हते.

आत्याचे हात पुढे होऊ पाहत होते. तिने ते पिठाच्या परातीत घट्ट रोवून ठेवले. सोनबा दारात येऊन उभा राहिला. त्याने एकदा ओसरीकडे पाहिले, एकदा बायकोकडे पाहिले, आणि तो हलकेच पुन्हा शेळ्यांकडे गेला.

त्यानंतर रेवा हवे तेव्हा एकटी बसू लागली. हवे तेव्हा आत्याजवळ येऊन आईविषयी सांगू लागली. आईला शिवण येत नसे, पण ती शिवायची. आईला पोहता येत असे, तरी नदीने तिला सोडले नाही. गिरजाआत्या ऐके. "मी आहे ना" हे शब्द पुष्कळदा तिच्या जिभेवर येत, आणि ती ते परत पाठवी.

सुगी उरकली. मामा आला. तो भला माणूस होता. भाचीला पाहून त्याचे डोळे भरले. पाटलांनी पारावर सर्वांना बोलावले. गिरजाआत्या म्हणाली, "पाटील, तिला विचारा. मी तिकडे पाठ करून उभी राहते. माझं तोंड बघून तिनं काही ठरवायला नको." आणि ती खरोखर पाठ फिरवून उभी राहिली.

रेवा म्हणाली, "मी मामाबरोबर जाणार."

गिरजाआत्याने डोळे मिटून घेतले. ती मागे मात्र वळली नाही. घरी जाऊन तिने दशम्या बांधल्या, निळ्या ठिगळाचा परकर घडी करून वर ठेवला, आणि गाठोडे रेवाच्या हातात दिले. वेशीपर्यंत ती पोचवायला गेली. तिथे रेवा थांबली.

"आत्या, आईसाठी नदीत दिवा सोडायचा राहिला आहे," ती म्हणाली. "मला न्यायला येऊ नका."

एवढेच बोलून ती मामाबरोबर चालू लागली. यातून काय समजावे, ते आत्याला कळले नाही. सोनबालाही कळले नाही. घर पुन्हा दोघांचे झाले. आत्या कुंपणावर काम करी, पण भिवाने ओले फडे लावले तरी त्याच्यावर ओरडायला तिला उत्साह वाटत नसे. भिवालाच तिची काळजी वाटू लागली. एकदा तर तो मुद्दाम ओला फडा घेऊन तिच्या दारावरून दोनदा गेला.

उन्हाळा आला. निवडुंगावर पिवळी फुले आली, गेली, आणि बोंडे लाल होऊ लागली. एका दुपारी गिरजाआत्या चुलीपुढे बसली होती. तव्यावर भाकरी होती आणि मन भलतीकडेच होते. ओसरीवर गाठोडे टेकल्याचा आवाज झाला. रेवा आत आली. न्यायला कोणी गेले नव्हते; नदीत दिवा सोडून ती आपणहून आली होती. तिच्या मागे मामा दारातच थांबून घाम पुसत होता.

रेवाने हातपाय धुतले, पाट ओढला आणि बसली. गोंधळलेल्या आत्याने हाती आली ती भाकरी तिच्या ताटात वाढली. मुलीने ती उलटून पाहिली आणि ताट पुढे सारले.

"आत्या, ही करपली आहे. मला दुसरी दे."

दारातून मामा ओशाळून म्हणाला, "अगं रेवा, असं बोलतात का?"

"बोलू द्या हो!" गिरजाआत्या हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. पाहुणा करपलेली भाकरी निमूटपणे खातो. ती परत सारण्याचा हक्क घरच्या लेकराचाच असतो. तिने नव्या पिठाचा गोळा घेतला आणि भाकरी अशी थापली, की परातीचा आवाज ऐकून सोनबा शेळ्या तशाच सोडून धावत आला.

रेवा त्या घरात वाढली. तिने गिरजाला आयुष्यभर आत्याच म्हटले, आणि आत्याने तिच्याकडे दुसरे कोणतेही नाव कधी मागितले नाही.

तात्पर्य: दुखावलेल्या जीवाला आपलेसे करायचे असेल, तर त्याची जखम सुकेपर्यंत धीर धरावा; मुळे त्याची त्यालाच फुटतात.